निळा गाभा

मशीनचा मला पहिल्यांदा राग आला तो त्यानं माझ्या पोराला खोटारडा ठरवलं तेव्हा. त्याआधीचे दोन आठवडे मी त्याला देवच मानत होते.

मी वैजयंता खराडे. पलूसला आमचा मिरची-मसाला कुटायचा डंक आहे. आता डंक आपोआप चालतात, भाजणी किती झाली ते पडद्यावर दिसतं, पण कांदा-लसूण मसाल्याचं खोबरं कुठवर लाल करायचं ते अजून मीच नाकानं सांगते. मालक गेल्यापासून डंक माझ्या हातात. मुलगा दिग्विजय, आमचा दिगू, गिऱ्हाईक आणि गाडी बघतो. सून ऋतुजा पतसंस्थेत शाखा सांभाळते. बाळंतपण सोडलं तर मी कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते, आणि त्याचा मला फार तोरा होता.

मग पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा जायला लागलं. मी कुणाला बोलले नाही. असल्या गोष्टी काय चारचौघांत सांगायच्या? ऋतुजाला धुण्यात दिसलं. तिनं विचारलं नाही की ओरडली नाही. म्हणाली, "आत्या, साडी बदला. मिरजेला जायचंय." आमच्या दोघींचं तेव्हा काही फार सूत नव्हतं. ती मोजून बोलणार आणि मी तोंडाला येईल ते बोलणार. पण त्या दिवशी तिनं माझा दंड धरला तो हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत सोडला नाही.

गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती. कॅन्सर. डॉक्टर सबनीस मॅडम म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका. किरणांनी जाईल. आपल्याकडे आता नवं मशीन आलंय, एकाच वेळी आतलं बघतं पण आणि किरण मारतं पण."

ते मशीन चालवायची नसरीन मुजावर. गोरीपान, गोल चष्मा, आवाज असा की रडकं पोर गप्प बसावं. पहिल्या दिवशी माझी पाचावर धारण बसलेली. तो पांढरा बोगदा, ती ठकठक. मी म्हटलं, "बाई, आधी मला हे काय आहे ते सांग, मग आत घाल." दुसरी कुणी असती तर वैतागली असती. ही स्टूल ओढून बसली.

"मावशी, आपल्या अंगात सगळीकडे पाणी आहे ना? हे मशीन म्हणजे मोठं चुंबक. त्यात गेलं की पाण्यातले बारीक कण एका दिशेला तोंड करून उभे राहतात. आम्ही रेडिओच्या लहरीनं त्यांना धक्का देतो. ते कलंडतात, मग परत उभे राहतात. परत उभं राहायला किती वेळ लागतो तेवढं मशीन मोजतं."

"मग?"

"मग गंमत अशी, की त्या पाण्यात प्राणवायू जास्त विरघळला असेल तर ते कण लवकर उभे राहतात. म्हणून आधी तुम्ही साधी हवा घ्यायची, मग मी मास्कमधून शुद्ध प्राणवायू सोडणार. आधीचं आणि नंतरचं, दोन्हीची वजाबाकी. जिथं फरक पडला तिथं प्राणवायू पोचला, ती जागा लाल. जिथं काहीच फरक नाही, ती जागा उपाशी. ती निळी."

"आणि उपाशी जागा बघून काय करायचं?"

"तीच तर खोड आहे गाठीची. किरण पेशीतला धागा तोडतात. तिथं प्राणवायू हजर असला तर तुटलेलं टोक कायमचं नासतं, पेशी मरते. प्राणवायू नसला तर पेशी तो धागा परत जोडून घेते आणि जगते. कॅन्सरची गाठ घाईघाईत वाढते, तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, मधल्या भागापर्यंत रक्त पोचतच नाही. म्हणून मधला भाग किरणांना दाद देत नाही."

"म्हणजे मारायचं असेल तर आधी तिला जेवू घालायचं?"

नसरीन खळखळून हसली. "अगदी तसंच, मावशी. नाहीतर निळ्या भागावर जास्तीचे किरण मारायचे. रोज नवा नकाशा काढायचा आणि रोज त्याप्रमाणं नेम धरायचा."

मला फार आवडलं ते. आमच्या आईच्या वेळी असं काही नव्हतं. पोटात काय चाललंय ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि एक दिवस ती गेली. मी रोज सकाळी दिगूच्या गाडीतून मिरजेला जायची, तोंडबिंड धुऊन स्वच्छ होऊन आत झोपायची आणि मनात म्हणायची, बघ बाबा, माझं आतलं सगळं बघ, तुझ्यापासून काय लपवायचं.

दोन आठवड्यांनी सबनीस मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. पडद्यावर माझी गाठ. कडेनं लाल, आणि मध्ये शाईची दौत सांडावी तसा निळा गाभा.

"हा गाभा हटत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "जास्तीचे किरण देतोय, पण शेजारी मूत्राशय आहे, मागे आतडं आहे. याच्यापुढे वाढवता येत नाही. शुक्रवारी आमची सगळ्या डॉक्टरांची बैठक आहे. तोवर निळं कमी झालं नाही तर किरण थांबवून मोठं ऑपरेशन करावं लागेल. गाठीबरोबर मूत्राशय आणि आतड्याचा शेवटचा भागही काढावा लागेल."

"मग लघवीला?" मी विचारलं.

"पोटाला पिशवी लावतात, मावशी. दोन पिशव्या. लोक जगतात तशी, चांगली जगतात."

जगत असतील. मी खोटं बोलत नाही, मला त्यापेक्षा मेलेलं बरं वाटलं. दिवसभर लोकांच्या तोंडासमोर उभं राहून मसाला द्यायचा आणि पोटाला दोन पिशव्या. गाडीत बसल्यावर मी पदर तोंडावर घेतला तो पलूस येईपर्यंत काढला नाही.

डॉक्टरांनाही कोडं पडलं होतं. रक्त कमी नव्हतं, दोन बाटल्या चढवून चांगलं केलं होतं. फुप्फुसं ठणठणीत. प्राणवायू बोटावर मोजला तर पुरेपूर. मग गाभ्यापर्यंत पोचत का नाही? त्यांनी पुन्हा रक्त तपासलं आणि त्यात निकोटिन निघालं.

"मावशी, विडी ओढता?"

"मी? विडी?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अहो, मी माळकरी घरातली बाई."

"तंबाखू खाता? गुटखा? सुपारीतून काही?"

"सुपारीचं खांडसुद्धा नाही खात."

"घरात कुणी सिगारेट ओढतं?"

"दिगू ओढायचा. पोरगी झाली त्या दिवशी सोडली." मी सरळ मनानं सांगितलं. मॅडमनी ते टाइप केलं, आणि मशीनच्या मागं जो काही हुशार प्रोग्राम बसलाय त्यानं दोनाला दोन जोडून संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडला. रुग्णाच्या रक्तात निकोटिन. घरातला किंवा गाडीतला धूर हे संभाव्य कारण. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात व गाठीला प्राणवायू मिळत नाही. कृपया धूम्रपान त्वरित थांबवावे.

झालं. ऋतुजानं फोन वाचला आणि तशीच गाडीत जाऊन बसली. सीटच्या खाली हात घाल, कप्पे उघड, पायपुसणी हुंग. काही मिळालं नाही म्हणून तिचा राग आणखी वाढला.

"लपवायला बरा शिकलायस," ती दिगूला म्हणाली. "आईला पिशव्या लागायची वेळ आलीय आणि तू गाडीत सिगारेटी फुंकतोस? ती शेजारी बसलेली असताना?"

"अगं, नाही ओढत मी!"

"मशीन खोटं बोलतं का मग?"

दोन आठवडे मीच सगळ्यांना सांगत फिरले होते की मशीनपासून काही लपत नाही. दिगू माझ्याकडे वळला. "आई, तुझी शपथ घेऊन सांगतो."

"माझी नको घेऊस रे, मी आधीच अशी."

ऋतुजानं त्याचं अंथरूण डंकावर टाकलं. माझा वाघासारखा पोरगा मिरचीच्या पोत्यांत झोपला आणि सकाळी शिंका देत, डोळे लाल करून गाडी काढायला आला. वाटेत थंडीचं वारं आत येत होतं तरी त्यानं चारी काचा खाली ठेवल्या. मी त्याच्याकडे बघत होते, आणि तरी मनात किडा वळवळतच होता, की ओढत असेल का? तेव्हा मला त्या मशीनचा राग आला. माझं आतलं बघ म्हटलं होतं, माझ्या घरातलं बघ कुणी सांगितलं होतं?

त्या सोमवारी आम्हाला उशीर झाला. मी घाईनं कपडे बदलायच्या खोलीत गेले, बेसिनपाशी तोंड स्वच्छ केलं, चूळ भरली, हॉस्पिटलचा झगा चढवला. हाक आली तशी टॉवेल छातीशी धरून धावले. चुंबकाच्या खोलीला चौकट असते, अंगावर लोखंड असलं की ओरडणारी. रोज मी त्यातून निमूट जायची. त्या दिवशी ती अशी किंचाळली की अख्खा मजला दचकला.

"थांबा, मावशी!" नसरीन धावत आली. "काय आहे अंगावर? बांगडी? किल्ली?"

टॉवेलात पत्र्याची डबी होती. घाईत पिशवीत टाकायची राहिली होती. नसरीननं ती हातात घेतली, झाकण उघडलं आणि वास घेतला.

"हे काय?"

"मिश्री," मी म्हटलं. "दात घासायची."

"कधी लावता?"

"सकाळी उठल्यावर. रात्री झोपताना. आणि इथं आत यायच्या आधी एकदा. प्रवासात तोंड शिळं होतं ना, आणि आत जायचं म्हणजे तोंड स्वच्छ असावं माणसाचं."

नसरीननं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, मागच्या बुधवारी मशीन बंद पडलं म्हणून तुम्हाला दुपारी उशिरा घेतलं होतं. त्या दिवशी तुमचा नकाशा जरा बरा आला होता. मी मॅडमना म्हटलं पण होतं, काहीतरी सकाळचं आहे. त्या दिवशी लावली होती का दुपारी?"

"नाही. दिगूबरोबर बाहेर चहा पीत बसले होते, तिथनंच हाक आली."

ती डबी घेऊन सबनीस मॅडमकडे पळाली. मी त्या झग्यात, थंडगार फरशीवर उभी. मॅडम स्वतः आल्या.

"मावशी, मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही तंबाखू विचारली. ही मिश्री आहे."

"कशाची करतात?"

"तंबाखूच्या पानाची. पण तव्यावर भाजून पार कोळसा करतात हो. तंबाखूपण राहतं कुठं त्यात?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मसाला करता. मिरची भाजली की तिचा तिखटपणा जातो का?"

लहान होते तेव्हा आईनं बोटावर चिमूट ठेवली होती. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका लावायच्या. तंबाखू खाणं म्हणजे चौकात पिंक टाकणारे बाप्ये. आम्ही आपल्या दात घासत होतो. नसरीननं समजावलं तेव्हा अंगावर काटा आला. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि नेमक्या त्याच वेळी मी स्वच्छ होऊन मशीनमध्ये झोपत होते. गाठीचं दाणापाणी मी रोज स्वतःच्या बोटानं बंद करत होते.

"आता?" मी विचारलं.

"आजपासून, अंगातलं निकोटिन उतरेपर्यंत, किरण थांबवू. खंड पडला तर गाठ पुन्हा जोर धरते, त्यामुळे शुक्रवारपुढं थांबता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी नकाशा काढू. तोवर मिश्री बंद. एक चिमूटसुद्धा नाही. गाभा उजळला तर किरणांवर भागेल. नाही उजळला तर मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

मी तिथूनच ऋतुजाला फोन लावला. "दिगूला घरात घे," म्हटलं. "त्यानं काही केलेलं नाही. माझी मिश्री होती ती."

"मिश्री?" ती म्हणाली. "मिश्रीनं होतं हे?" आणि तिनं फोन ठेवून दिला.

दिगूनं मला गाडीत बसवलं, आणि तो मोठा बाप्या स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. हसता हसता रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मिश्री सोडणं म्हणजे काय ते लावणाऱ्या बाईलाच विचारा. मंगळवारी डोकं असं धरलं की पदर घट्ट बांधून बसले. तोंड आंबलं. पोट साफ होईना, आमच्याकडे बायकांचं सकाळचं सगळं मिश्रीवर चालतं. डंकावरच्या बायकांवर मी अशी खेकसले की दोघी चहाला गेल्या त्या आल्याच नाहीत. बुधवारी दुपारी ओट्यापाशी तिखटाचा डबा हातातून सुटला आणि सांडला. मी तिथंच खाली बसले. म्हटलं, लावू दे पिशव्या, माझ्याच्यानं नाही होत.

ऋतुजा त्या दिवशी रजेवर होती. ती समोर येऊन बसली. तिच्याही डोक्याला रुमाल बांधलेला.

"डोकं ठणकतंय ना?" तिनं विचारलं. "कपाळाच्या मागं, इथं?"

"तुला काय माहीत?"

"माझंही ठणकतंय. सोमवारपासून."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं. शाखा सांभाळणारी, मोजून बोलणारी माझी सून!

"कधीपासून गं?"

"गरोदर होते तेव्हा दाढ दुखायची. शेजारच्या काकूंनी दिली. मग सुटलीच नाही. बाथरूमात लावते, दार लावून." तिनं मान खाली घातली. "आणि दिगूला मी मिरच्यांत झोपवलं. गाडी हुंगत होते, आत्या, आणि माझ्याच दातांना..."

दुसरी वेळ असती तर मी तिला सोलून काढली असती. पण मला हसू फुटलं. असं फुटलं की डोक्याची कळ मेंदूपर्यंत गेली तरी थांबेना. तीही हसायला लागली. दोघी सासू-सुना डोक्याला फडकी बांधून, सांडलेल्या तिखटात बसून, खोकत खोकत हसत होतो. दिगू दारात आला आणि आमचं डोकं फिरलं असं समजून परत गेला.

गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे एक पुडी घेऊन आली. "ही शेवटची. टाकायला गेले होते, हात उघडेना. तुम्ही टाका."

तिनं पुडी माझ्या तळव्यावर ठेवली. सांगते काय, तो वास! अख्ख्या अंगाला सुटतं ते पाणी. एक बोट बुडवलं असतं तर कोण बघत होतं? मशीन मिरजेला होतं. ऋतुजानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. पण तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या, आणि ही पोरगी माझ्यासाठी म्हणून नाही, माझ्यासारखीच अडकली म्हणून उभी आहे हे कळत होतं. मी बोट लावलं तर ती आयुष्यभर लावणार. मी संडासात जाऊन पुडी झटकली आणि पाणी सोडलं. मग दोघींनी बडीशेपेचा बकाणा भरला.

शुक्रवारी दिगूबरोबर ऋतुजाही आली. आत जाताना नसरीननं माझं तोंड निरखलं. "खरंच नाही ना, मावशी?"

"तुझ्या गळ्याची शपथ, नाही." तिनं माझा हात दाबला. त्या पोरीचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. जागरूक मनानं एक दुपार लक्षात ठेवली तिनं, नाहीतर माझ्या पोटाचं काय झालं असतं!

बोगद्यात सरकले. मास्क आला. आधी साधी हवा, आणि ती ठकठक. मग कानातल्या स्पीकरमधून तिचा आवाज, "आता प्राणवायू सोडते. नेहमीसारखा श्वास घ्या." मी श्वास घेतला. मनात त्या गाठीला म्हटलं, खा बाई, आज पोटभर खा. कोणाकोणाचं नाव घेतलं मी त्या दहा मिनिटांत! नसरीनचं, मॅडमचं, हे चुंबक ज्यांनी पहिल्यांदा बांधलं त्या कुठल्या कोण माणसांचं, आणि माझ्याबरोबर डोकं बांधून बसलेल्या त्या पोरीचं. ज्या मशीनला मी शिव्या घातल्या त्याचीही माफी मागितली. त्यानं त्याला दिसलं ते सांगितलं होतं, बिचाऱ्याला मिश्री कुणी शिकवलीच नव्हती.

ठकठक थांबली. स्पीकर गप्प.

"नसरीन?"

"बोलू नका, मावशी." तिचा आवाज घोगरा झाला होता. "हलू पण नका. मॅडम बोलतायत."

"मावशी, मी सबनीस. नकाशा आलाय. गाभा उजळलाय. एका कडेला थोडं निळं आहे, तेवढ्याला जास्तीचे किरण पुरतील. ऑपरेशन नाही. पिशवी नाही. ऐकताय ना? आता नकाशा ताजा आहे तोवर नसरीन लगेच किरण सुरू करतेय. नेम अगदी बारीक धरलाय. केसभरसुद्धा हलायचं नाही."

मला उठून बसायचं होतं. मोठ्यानं ओरडून बाहेर ऋतुजाला सांगायचं होतं. डोळ्यांतून पाणी सुटलं, कानशिलावरून ओघळत कानात शिरलं, कानात गुदगुल्या व्हायला लागल्या, ते पुसायला माझा हात आपोआप उचलला जायला लागला. वर कुठंतरी घर्र करून काहीतरी फिरलं आणि किरण सुरू झाले.

मी हलले नाही.